खाचा असलेली स्टिक

निवृत्त प्राध्यापक बद्रीनाथ यांच्या पुंडलिकनगरातल्या घरात भिंतीवर सव्वीस जुन्या गोल्फ स्टिक टांगलेल्या होत्या. लाकडी दांडे, हातानं घडवलेली लोखंडी पाती. सगळ्यांत लाडकी स्टिक त्यांना भंगारात सापडली होती. तिच्या पात्यात पाच उभ्या, आरपार खाचा होत्या. चेंडू पाण्यात किंवा वाळूत पडला, तर पाणी-वाळू खाचांतून निघून जावी आणि पातं न अडता चेंडूपर्यंत पोचावं, म्हणून शंभर वर्षांपूर्वी कुणा कारागिरानं ही युक्ती काढली होती. तिचं मोल कळू नये म्हणून बद्रीनाथांनी भंगारवाल्याला सांगितलं होतं, की बागेसाठी जुनं खुरपं हवंय.

पुढं दांडा डुगडुगायला लागला, तेव्हा ते बजाजनगरात बुद्धभूषणच्या वर्कशॉपवर गेले. वेल्डिंगच्या कामात त्याचं नाव होतं. त्यालाही त्यांनी हे खुरपंच असल्याचं सांगितलं आणि पातं दांड्याला धरणारी फक्त खीळ बदलायला लावली.

दोन दिवसांनी स्टिक हातात आली. खीळ पक्की बसली होती. खाचा मात्र नव्हत्या. वेल्डिंगनं भरून, घासून, पातं आरशासारखं केलेलं.

"सर, भोकं बुजवून टाकली," बुद्धभूषण म्हणाला. "माती गळत असंल त्यातून. त्याचे पैसे नका देऊ."

बद्रीनाथांनी गुळगुळीत पात्यावरून बोट फिरवलं. चिडावं तरी कुणावर? शेवटी त्यांनी सगळं खरं सांगितलं. ऐकता ऐकता बुद्धभूषणचा चेहरा उतरला.

"आधी बोलायचं होतं ना, सर," एवढंच तो म्हणाला.

त्याला चैन पडेना. बद्रीनाथांकडून जुने फोटो आणि मापं घेऊन त्यानं तसंच खाचांचं नवं पातं कापलं, पाइपाच्या दांड्याला जोडलं आणि रविवारी त्यांना बोलावून घेतलं. वर्कशॉपमागं पाण्याचं डबकं होतं. बद्रीनाथांनी बुजवलेली स्टिक आणि पिशवीतून तीन चेंडू आणले होते. पहिला चेंडू डबक्यात टाकून बुद्धभूषणनं फटका मारला. खाचांत चिखल गच्च बसला आणि चेंडू आणखी खाली रुतला. सात-आठ फटक्यांनंतर तो दिसेनासाच झाला.

मग जरा संकोचत त्यानं बुजवलेली स्टिक उचलली आणि दुसरा चेंडू टाकला. एका फटक्यात चेंडू पाण्यातून उडून शेजारच्या शेडच्या पत्र्यावर आपटला.

"हिच्यानं जातोय, सर."

बारा वर्षं बद्रीनाथ भिंतीवरच्या स्टिक पुसत होते, लोकांना त्यांचा इतिहास सांगत होते. चेंडू त्यांनी कधी मारलाच नव्हता. संग्रहातली सर्वांत मोलाची वस्तू बिघडली होती, आणि बिघडल्यावर कामाची झाली होती.

त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, बुजवलेली स्टिक हातात घेतली, शेवटचा चेंडू डबक्यात टाकला आणि बुद्धभूषणला जरा बाजूला व्हायला सांगितलं.