मागे टाकायचं पाणी

विमानातून सगळे उतरले आणि सर्वांत शेवटी नौफल एकटाच बाहेर आला, तेव्हा लझरला कळलं. नौफल त्याचा मेहुणा. त्याच्या हातात लझरच्या बायकोची, मन्नूबियाची शाल होती, घडी घातलेली. फोनवर सांगायचा धीर त्याला झाला नव्हता. बहिणीचा देह राजधानीतून रुग्णालयाच्या गाडीने आणत होते, आणि हा पुढे आला होता. लझर टॅक्सीला टेकून उभा होता. तिच्यासाठी त्याने मागची सीट पुसून ठेवली होती. ती तो पुन्हा पुसत राहिला.

त्यानंतर एक हिवाळा गेला. विमानंही कमी होत होत आठवड्याला एकावर आली. सरकारला विमानतळ ठेवावा की नाही ते ठरवायचं होतं, म्हणून त्यावर गावाचं किती चालतं ते मोजायला इब्तिसाम नावाची मुलगी आली. टॅक्सीतळावर फरहात नावाच्या चालकाने सगळ्यांना पढवून ठेवलं होतं. विमानतळ गेला तर तळ उठणार हे उघड होतं. "हात राखून सांगू नका," तो म्हणाला. "मी तर सांगितलं, माझी सासूसुद्धा विमानावरच पोसली जाते. आणि तिला पोसणं म्हणजे काय, हे सरकारलाही कळू दे."

लझरच्या अंगणात दुपार पसरली होती. समोर मिठाचं मैदान. या वेळी तिथे पाणी दिसायचं, पाणी नसताना. विमानंही त्या पाण्यातूनच वर आल्यासारखी दिसायची.

घरातली किती माणसं विमानतळावर अवलंबून, असं इब्तिसामने विचारलं.

"दोन," लझर म्हणाला. "मी आणि बायको. ती पाणी टाकते."

यावर मुलगी हसली. तिची आजीही टाकायची. निघालेल्या माणसामागे पाणी टाकलं की तो परत येतो. पण मन्नूबिया परक्यांसाठीही टाकायची. प्रवाशाला विमानाला नेताना लझर गाडी घरावरून घ्यायचा आणि ती तांब्या घेऊन दारात उभी असायची. पुढच्या वर्षी तोच प्रवासी पुन्हा आला की म्हणायची, माझ्या पाण्याने आलाय, भाड्यातला वाटा काढा. पाणी पडायचं तिथे पुदिना उगवला होता. आता तिथे नुसत्या काड्या होत्या.

"काकूंना बोलवता का? त्यांनाही विचारते."

लझर मैदानाकडे पाहत राहिला. "ती विमानाने गेली. ऑपरेशनला." मग म्हणाला, "गाडी मी चालवत होतो आणि ती मागे बसलेली. गाडी सुरू केली तर म्हणते, अहो, पाणी कोण टाकणार आता? उतरून टाकून येऊ का? आम्ही दोघंही हसलो. विमानाची वेळ झाली होती."

इब्तिसामने मधले दोन प्रश्न गाळले. चहा निवत गेला. शेवटचा प्रश्न मात्र तिला विचारावाच लागला. विमानतळ बंद झाला तर तुमचं काय जाईल?

फरहातने सांगितलेलं सगळं लझरला पाठ होतं.

"विमान उतरलं की मी दाराशी जाऊन उभा राहतो," तो म्हणाला. "भाडं नसलं तरी. शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत. विमानतळ बंद झाला तर कुठे उभा राहू?"

"हे कसं लिहू, काका?"

"नका लिहू. टॅक्सी लिहा."

तिचं विमान संध्याकाळचं होतं. लझरच तिला सोडायला निघाला. निर्णय झाला की सांगायला मी स्वतः येईन, असं ती मागच्या सीटवर बसता बसता म्हणाली. गाडी वळणाशी आल्यावर लझरने आरशात पाहिलं. घराचं दार उघडंच राहिलं होतं. उंबऱ्यावर तांब्या पालथा होता. दारापुढची माती कोरडी होती.

पाणी टाकायचं राहिलं होतं.