पिवळ्याचे टक्के

दिवा उघडला तेव्हा आत चार स्क्रू होते, त्यांतला एक झिजलेला. बारा पिवळे एलईडी, बारा पांढरे, नखाएवढी एक चिप आणि एक मेलेली मुंगी. मावशीने आधी मुंगीच पाहिली.

"हिच्यामुळेच बिघडलाय."

"बिघडलेला नाहीये गं. ह्याची कंपनी बंद पडली."

"म्हणजे काय? टूथपेस्टची कंपनी बंद पडली तर मी दात घासायचे नाहीत?"

तिचं म्हणणं चूक नव्हतं. हा उशाजवळचा दिवा किती आणि कोणत्या रंगाचा उजेड द्यायचा हे कंपनीच्या दूरच्या कॉम्प्युटरला विचारून ठरवायचा. तो कॉम्प्युटर बंद झाल्यापासून दिव्याला दोनच गोष्टी येत होत्या: पूर्ण विझणं, नाहीतर ऑपरेशनच्या खोलीसारखं पांढरंफटक पेटणं.

काका आजारी असताना त्यांनी एकदा बसून तो नीट जुळवून घेतला होता. त्यांच्या डोळ्यांना टोचणार नाही इतका मंद. पण त्यांची छाती वरखाली होतेय हे मावशीला तिच्या उशीवरून दिसेल इतका. काका गेल्यावरही ती तोच उजेड ठेवून झोपायची. दिवा असा वागायला लागल्यापासून ती बाहेरच्या खोलीत, आवाज बंद केलेल्या टीव्हीसमोर खुर्चीत झोपत होती. नोकरीसाठी मी तिच्याकडे राहायला आल्यापासून तिने माझ्याकडे काही मागितलं ते हे पहिलंच.

"तोच उजेड पाहिजे हं. तसाच दुसरा नको."

चिपच्या आत जो प्रोग्राम असतो त्याला फर्मवेअर म्हणतात. मी ठरवलं की कोणालाही न विचारता चालणारं फर्मवेअर लिहायचं. हाच दिवा घेऊन फसलेल्या काही लोकांनी अर्धवट काम करून नेटवर सगळ्यांसाठी खुलं ठेवलं होतं. त्यांतल्या एकाच्या नावाच्या जागी घुबडाचं चित्र होतं. माझ्या शंकांना उत्तर तेवढा तोच द्यायचा. ऑफिसात मी नवी, घरी मावशी मुळातच अबोल. कित्येकदा दिवसभरातलं माझं सगळं बोलणं घुबडाशीच झालेलं असायचं, आणि तेही व्होल्टेजबद्दल.

सरावासाठी मी तशीच एक कोरी चिप आणली होती. पुसायची, लिहायची, चुकायची, परत पुसायची. तिच्यात जपण्यासारखं काहीच नव्हतं, त्यामुळे पुसण्याआधी जुनी मेमरी उतरवून घेण्याची पायरी मी कधी केलीच नाही. शेवटी मावशीच्या दिव्याला वायरी जोडल्या तेव्हा हात सवयीने चालला. मेमरी पुसली गेल्याचा निरोप स्क्रीनवर आला आणि मग मला आठवलं, की काकांनी जुळवलेला आकडा त्याच मेमरीत होता.

घुबडाला विचारलं. त्याने लिहिलं, की पुसलेलं परत येत नाही. तो स्वतः हे दोनदा करून बसलाय.

फर्मवेअर मात्र चाललं. मावशी हात पुसत आली. मी अंदाजाने मंद उजेड, त्यात पिवळा सत्तर टक्के, पांढरा तीस ठेवून दिवा लावला.

"हा नाही," ती लगेच म्हणाली.

"मावशी, काकांनी ठेवलेला आकडा माझ्या हातून पुसला गेला."

"कुठे गेला?"

"कुठेच नाही. पुसला."

ती माझ्याकडे नाही, दिव्याकडे बघत राहिली. मग पलंगावर आपल्या नेहमीच्या बाजूला बसली. पलीकडच्या अर्ध्या भागावर चादर ताणलेली होती.

"मग मला विचार. रोज मीच बघत होते ना?"

मी लॅपटॉपवर आकडे बदलत गेले. हा बरा का हा? हा का मघाचा?

"चष्म्याचा नंबर काढतेस की काय माझा? थांब. हाच! हाच बघ."

पिवळा अठ्ठ्याहत्तर. खात्री करावी म्हणून मी इकडेतिकडे फिरून, तिला न सांगता, पुन्हा अठ्ठ्याहत्तरवर आले.

"छे, हा कुठला! ह्याला कावीळ झालीय."

मग बासष्टला ती पुन्हा म्हणाली, "हाच. आता हलवू नकोस."

डोळा उजेडाला सरावतो. मघाशी काय पाहिलं त्यावर आत्ताचा रंग ठरतो. हे मी शिकलेय, परीक्षेत लिहिलंयही.

"हाच होता ना गं?" तिने विचारलं.

हो म्हटलं असतं तर विषय तिथे मिटला असता.

"मला माहीत नाही, मावशी."

"तुला कसं असेल? मला आहे." ती आडवी झाली, पलीकडच्या उशीकडे तोंड करून. "जा आता. दार लोटून घे."

एक काम अपुरं होतं. दिवा विझला की त्याला आकडा लक्षात राहत नव्हता. तोवरची सोय म्हणून निघण्याआधी मी त्याच्या बटणाला रंग बदलण्याचं काम दिलं आणि मावशीला ते फिरवून दाखवलं. तिने लावलेला आकडा तपासणीसाठी माझ्या लॅपटॉपवर येतो, हेही सांगितलं.

"येऊ दे की. माझं काय लपलंय त्यात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरची खुर्ची भिंतीला लावलेली होती. मावशी चहा गाळत म्हणाली, "सापडला."

आठवडा झाल्यावर, रविवारी मी वायरी घेऊन तिच्या दारात उभी राहिले. "आज त्याला लक्षात ठेवायला शिकवते. मग तुला रोज शोधायला नको."

"राहू दे," ती म्हणाली. "मी शोधते. सापडतो रोज."

मी वायरी गुंडाळल्या. त्या संध्याकाळी घुबडाने विचारलं, की दिवा नीट चालतोय का, आणि चालत असेल तर आकडे पाठव. मी पहिल्या सात रात्रींचे पाठवले. पिवळ्याचे टक्के, रात्रीच्या क्रमाने: ६२, ८१, ५७, ७४, ९०, ६६, ७९.