बंद दारामागचा खोकला

सहाव्या मजल्यावरच्या बायकांच्या संडासात तिसऱ्या भांड्याला पिवळा डाग होता, आणि मुकादम ग्रासिआनोने त्या डागाचा घोर घेतला होता. ऑफिस तुमच्या गावचं असो की आमच्या बुएनोस आइरेसचं, तऱ्हा एकच. हिशेब चुकले तर निभावून जातं, पण संडासात नाकाला झोंबणारा वास आला नाही की वरून निरोप येतो, "आज सफाई झालेली दिसत नाही."

हा वास कसा आणायचा ते निदियाला ठाऊक होतं. पराग्वेतल्या युती गावची ही बाई. दुसऱ्यांची ऑफिसं पुसता पुसता तिचे केस पांढरे झाले होते. दार लावून घ्यायचं, भांड्यात लवांदिना, म्हणजे ब्लीचचं पाणी ओतायचं, आणि त्यावर डाग काढायचं अ‍ॅसिड. हिरवट वाफ उठे. तोंडाला फडकं लावून, श्वास रोखून घासलं की डाग विरघळलाच. आठवड्याने तो परत येई, पण आठवडा तर निघे. बाकीच्या बायका त्याला 'निदियाचं पांढरं' म्हणत, आणि निदियाला त्याचा अभिमान होता. लहानपणी आजी थंड पाण्यात घालून प्यायला उखळात औषधी पाला कुटायची आणि म्हणायची, "एक पाला एका गुणाचा, दोन पाले तीन गुणांचे." पराग्वेच्या माणसाच्या हाताला मिसळामिसळीची सवय असतेच. तोच हात निदियाने बाटल्यांना लावला होता.

ही युक्ती तिने फक्त देओलिंदाला शिकवली होती. देओलिंदा तिच्याच गावची, तिच्याच बसने आलेली सोबतीण. ती खोकायला लागली तेव्हा सगळ्या म्हणाल्या, खोली ओलसर आहे. मग म्हणाल्या, थंडी फार आहे. ऑगस्टमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, ती गेली. शवपेटी गावी पोचली आणि विषय संपला.

निदियासाठी मात्र तो संपला नव्हता. शनिवारी इमारत रिकामी असते. भर दुपारी, काचांतून ऊन आत सांडलेलं असताना, तिसऱ्या दारामागून तिला खोकला ऐकू येई. कोरडा, मधेच अडकणारा, अगदी देओलिंदाचा. निदिया छातीवर क्रूसाची खूण काढी आणि पाठ फिरवून फरशी पुसत राही. दार उघडायची तिची छाती होत नसे.

अशात तिच्या बहिणीची मुलगी यानिना गावाहून आली.

"मावशी, आधीच सांगते, मी वर्षभरच हे करणार. मग नर्सिंग."

"सगळ्या वर्षभरासाठीच येतात, पोरी. मीही आले होते. माझं ते वर्ष अजून चालू आहे."

"म्हणजे यात पुढे काहीच नाही?"

"नाही कसं? आधी एक मजला, मग चार. मग गुडघे."

पोरगी खो खो हसली. निदियाला हसू आलं नाही, कारण खरोखरच पुढचं काही समोर आलं होतं. ग्रासिआनोने तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "सोमवारी मोठे साहेब येणार आहेत. सहावा मजला दुधासारखा दिसला, तर अख्ख्या इमारतीची देखरेख तुझ्याकडे. तुझे मजले भाचीला देऊ, पक्क्या नोकरीने. तुझी ती युक्ती तेवढी तिला शिकवून ठेव."

पक्की नोकरी मिळाली की राहण्याचे कागद होतात. कागद झाले की नर्सिंगही होतं. निदियाने मान डोलावली. पण रात्रभर तिच्या कानात तो खोकला होता.

शेवटी ती बाजारात न्या पास्तोराकडे गेली. थोरल्या बाईला आम्ही 'न्या' म्हणतो. ही न्या पाल्याच्या जुड्यांमागे बसून गिऱ्हाइकाचं दुखणं चेहऱ्यावरून ओळखे.

"न्या, मेलेल्या बाईचा खोकला थांबवायला काही आहे का?"

म्हातारीने हातातला बत्ता खाली ठेवला. "आधी जिवंतपणीचा सांग. ती छातीत काय घेत होती?"

निदियाने अडखळत सगळं सांगितलं.

"आणि हे तुला कुणी शिकवलं?"

"आजी म्हणायची, दोन पाले तीन गुणांचे."

"आणि पोटुशी बाईला ती सतापाचा पाला द्यायची का?"

"छे! त्याने गर्भ पडतो. सतापाला तर ती हातसुद्धा लावू द्यायची नाही."

"बघ. कशात काय घालायचं नाही, तेही तिला कळत होतं. तू तिचं अर्धंच शिकलीस. पाल्यांनासुद्धा वावडं असतं गं. तुझ्या त्या बाटल्या एकेकट्या असतात तोवर नोकर, एकत्र आल्या की खुनी."

"पण तसं केल्याशिवाय डाग जात नाही, न्या. पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे."

"मग डाग राहिला तर काय होईल? साहेब नाक मुरडतील. आणि पोरीची छाती गेली तर ती कुठली दुकानात मिळते?" म्हातारीने पुन्हा बत्ता उचलला. "आणि एक ऐक. मेलेले खोकत नाहीत, त्यांची सुटका झालेली असते. खोकतात ते जिवंत. पुढच्या वेळी ऐकू आलं तर दार उघड."

निदिया चिडून परतली. पाला विकणाऱ्या म्हातारीला ऑफिसातलं काय कळतंय? तरी तिने मनात एवढं ठरवलं, की पोरीला शिकवायचं नाही. शनिवारी शेवटचं आपणच घासायचं आणि मग बघू.

शनिवारी तिने यानिनाला टेबलं पुसायला धाडलं आणि स्वतः संडासाबाहेरच्या काचा पुसायला लागली. थोड्या वेळाने आतून खोकला आला. कोरडा, मधेच अडकणारा. निदियाने क्रूस काढला आणि काच पुसत राहिली. पुन्हा आला. तिने फडकं पिळलं. "जा गं बाई," ती पुटपुटली. "तुझ्या नावाने मेणबत्ती लावते, पण जा."

मग खोकला थांबला, आणि ती शांतता तिला त्या खोकल्याहून भयंकर वाटली. म्हातारीचे शब्द आठवले. ती धावली, दार ढकललं.

हिरवट वाफेत यानिना भिंतीला टेकून बसली होती. डोळे लाल, हाताचं बोट बाटलीकडे. चोरून बघितलेलं सगळं तिने मावशीला बढती मिळावी म्हणून तसंच केलं होतं, दार लावण्यापर्यंत. अरे देवा! आपण तिथे उभ्या राहून काच पुसत होतो!

निदियाने तिला बखोटीला धरून ओढत बाहेर आणलं, खिडकीपाशी नेऊन तिचं तोंड मोकळ्या हवेत धरलं. दवाखान्यात डॉक्टरांनी प्राणवायू लावला. "काय मिसळलं होतं?" त्यांनी विचारलं. निदियाने सांगितल्यावर ते म्हणाले, "वेळेवर दार उघडलंत." पोरगी वाचली. पण निदियाच्या मनात दुसरंच दार होतं. ते देओलिंदासाठी कुणीच उघडलं नव्हतं.

सोमवारी तळघरात बायका कपडे बदलत होत्या. ग्रासिआनो नाक फुगवत आला.

"सहाव्याला वास नाही. डागही तसाच."

"असू दे," निदिया म्हणाली. "स्वच्छतेला वास नसतो. तो विषाला असतो. मी देओलिंदाला ते मिसळायला शिकवलं. ती थंडीने नाही मेली. आणि ते संडासातलं हवा खेचायचं यंत्र दोन वर्षं बंद आहे, तेही तुम्हाला ठाऊक आहे."

"तुझी बढती गेली असं समज."

"समजले."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कोपऱ्यातल्या एकीने तेवढं विचारलं, "मग डाग कशाने काढायचा गं?"

"घासून. दार उघडं ठेवून, एका वेळी एकच बाटली घेऊन. त्यानेही नाही निघाला तर राहू दे. भांडं आहे, देव्हारा नाही."

त्या दिवशी बायकांनी ठरवलं, यंत्र दुरुस्त होईपर्यंत सहाव्या मजल्यावर अ‍ॅसिडची बाटली न्यायची नाही. ग्रासिआनोने आरडाओरडा केला, पण एवढ्या बायकांना एकदम काढून तो इमारत स्वतः पुसणार होता थोडाच. यानिनाच्या पक्क्या नोकरीचं मात्र अजून काही ठरलेलं नाही. ती म्हणते, "वर्षभरच तर करायचंय, मावशी. पण श्वास घेत करू."

एक काम उरलं होतं. निदियाने युतीला फोन लावला, देओलिंदाच्या थोरल्या बहिणीला. सगळं सांगितलं, स्वतःचा हात होता तेही. बहीण म्हणाली, "आई अजून स्वतःलाच दोष देते. म्हणते, 'मीच पोरीला जाड शाल दिली नाही, म्हणून ती गेली.' रोज म्हणते. आता जाऊन सांगते तिला." आणि तिने फोन ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर निदियाला बरं वाटलं असतं.

बाबांनो, बायांनो, परमुलखात जाऊन दुसऱ्यांची घाण काढणं हे कमी प्रतीचं काम नाही. पण ज्या कामात माणसाची छाती जाते, त्याला भविष्य आहे असं म्हणू नका. तुमच्या ऑफिसात उद्या नाकाला झोंबणारा वास आला, तर "वा, किती स्वच्छ" म्हणण्याआधी एवढंच विचारा, की हा वास आधी कुणाच्या छातीत गेला. आणि बंद दारामागून कुणी खोकत असेल, तर भूत समजून पाठ फिरवू नका.