घरात माणसं किती

"काका, घरात माणसं किती?"

"तीन," काका म्हणाले, आणि स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसलेल्या त्यांच्या बायकोने मान खाली घातली.

प्रश्न विचारणाऱ्या मुलीचं बोट टॅबवर थबकलं. राज्याच्या वाढीचा आणि पुढच्या काळाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत ती नवी होती. घरोघर जाऊन प्रश्न कसे विचारायचे, हे तिला स्टुलावर बसलेल्या याच बाईने शिकवलं होतं. संस्थेत सगळे या बाईंना ताई म्हणत. ऊन असो की चिखल, दार उघडो की न उघडो, ताईंचं आयुष्य उंबऱ्यांवर गेलं होतं.

या खेपेला पाहणीसाठी संगणकाने निवडून काढलेल्या घरांत ताईंचंच घर निघालं. संस्थेचे साहेब म्हणाले, "शेजारचं घर घ्या, कुणाला कळतंय?" ताई म्हणाल्या, "साहेब, आपण सगळ्यांची दारं वाजवायची आणि आपलं वाजलं की कडी लावायची, असं कसं?" मग या मुलीला पाठवायचं ठरलं. उत्तरं काका देतील, आपण मध्ये बोलायचं नाही, असं ताईंनी स्वतःला बजावलं होतं.

"तिसरं कोण, काका?"

"आमचा मुलगा."

"ते इथंच असतात?"

"त्याची खाट इथं आहे. चिखलातले बूट दाराशी आहेत. ते काय शेजाऱ्याचे आहेत?"

मुलीला हसू आलं, पण ताईंकडे बघून तिने ते गिळलं. "तसं नाही काका. गेल्या सहा महिन्यांत ते बहुतेक दिवस इथं राहिले का? इथल्या चुलीवरचं जेवले का?"

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. पाणीपुरवठ्याच्या पंपावर त्यांची नोकरी झाली होती. यंत्राच्या घरघरीत राहून त्यांचा आवाज चढा झाला होता. आत्ता मात्र तो खाली आला.

"ही घरी येऊन सांगायची, आज एक आजी रडली. पोटचा पोरगा, पण सहा महिने घरी नाही म्हणून मला गाळावा लागला. मी म्हणायचो, जाऊ दे गं, नियम तो नियम. आज आमच्यावर आलं."

"दोन लिही," ताई म्हणाल्या.

"ताई, वाटलं तर नंतर..."

"दोन लिही बाळा. इतक्या जणींना मी नाही म्हटलंय. त्यांच्यापेक्षा मी कोण मोठी लागून गेले?"

मुलीने दोन लिहिलं. तसं पडद्यावर दुसरं पान उघडलं. घरातून गेलेल्या माणसाची माहिती. जाण्याचं कारण: काम, शिक्षण, लग्न, इतर.

ताईंना कारण माहीत होतं. आईने मिळवून दिलेली नोकरी त्याला नको होती, निदान असं त्या धरून चालल्या होत्या. गेल्या वर्षी त्यांनी साहेबांकडे शब्द टाकून मुलाला संस्थेतच चिकटवलं होतं. खिडकीजवळचं टेबल मिळालं होतं. ते त्यांनी स्वतःच्या हाताने पुसून ठेवलं. आणि कामावर जायच्या आदल्या दिवशी पोरगा पिशवी उचलून परमुलखाला निघून गेला. साहेबांपुढे मान खाली घालून उभं राहायची वेळ आली. त्या दिवसापासून त्याचा फोन आला की ताई तो नवऱ्याच्या हातात देत आणि भांड्यांचा आवाज करत. आईला विचारावंसंही त्याला वाटलं नाही, हा काटा पायात नव्हता, काळजात होता. काढायला हात पोचत नव्हता.

"काम लिहू ना, काका?"

"नको. इतर."

"इतर म्हटलं की काय ते लिहावं लागतं."

"लिही, बापाने पाठवला."

ताईंनी वर बघितलं.

"ते तुमच्या संस्थेचं जाडं पुस्तक आणलं होतंस ना गेल्या वर्षी," काका म्हणाले, बायकोकडे न बघता. "राज्याचं पुढं काय होणार, त्याचं. शेवटच्या पानावर आभारांत तुझं नाव होतं. तू तेवढंच पान वाचून दाखवलंस. मी सगळं वाचलं. त्यात आपल्या भागाचं पण होतं. इथं म्हातारी माणसं राहतील, तरण्यांना काम उरणार नाही. मी ते पोराला वाचून दाखवलं. म्हटलं, तुझ्या आईने पायपीट करून आणलेलं आहे हे, खोटं कसं असेल? तू नीघ."

"आणि मला?" ताईंचा आवाज फुटला. "मला सांगायचं नाही होय?"

"तू त्या नावावर बोट ठेवून हसत होतीस गं. किती वर्षांनी तशी हसलीस. काय सांगू तुला? पोरगा पण म्हणाला, बाबा, आईला कळू देऊ नका. तिला वाटेल, तिच्याच कामाने मला घराबाहेर काढलं. तिला माझा राग येऊ दे, तो परवडला."

"मग आज कशाला सांगितलंत?"

"तूच म्हणालीस ना, नियम आहे. खोटं लिहायचं नाही, हाही तुझाच नियम."

नळाखालच्या बादलीत पाणी थेंबथेंब पडत होतं. ताईंना एकेक घर आठवू लागलं. कुठं बंद पडलेली गिरणी, कुठं कुलूप, कुठं ओसरीवर एकटी म्हातारी. त्यांनी ते सगळं गोळा करून नेलं होतं, लेकराला कडेवर घ्यावं तसं सांभाळून. पण त्या घरांच्या ओळीत आपलंही घर आहे, हे त्यांच्या मनाला कधी शिवलं नव्हतं.

"शेवटचा प्रश्न आहे," मुलगी हळूच म्हणाली. "येत्या काही वर्षांत तुमच्या घराची परिस्थिती सुधारेल, अशीच राहील, की बिघडेल?"

"हे तिला विचार," काका म्हणाले. "मला पुस्तकातलं तेवढं कळतं."

या प्रश्नानंतर आपण बोलायचं नाही, समोरच्याला वेळ द्यायचा, हे ताईंनीच शिकवलं होतं. मुलगी थांबली.

ताई उठल्या. नवऱ्यापुढे हात केला.

"लावा त्याला."

काकांनी फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. पलीकडे घंटा वाजू लागली. ताईंनी तो कानाशी धरला, आणि मोकळ्या हाताने कपाळावरचे केस मागे सारखे केले, जणू पोरगा समोर येऊन उभा राहणार होता.

घंटा वाजत राहिली. मुलीच्या मांडीवरचा टॅब अंधारत चालला की ती त्याला हलकेच बोट लावी, आणि तो प्रश्न पुन्हा उजळे.