दम्याचा वाटा

माझ्या पोरीचा, शिवांजलीचा, दमा भूमहून आला, असं माझ्या सासूबाई दगडाबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, बारा वर्षं आमच्या माकणी गावभर सांगत होत्या. भूम माझं माहेर. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जुना दमा. त्यामुळं मला तोंड उघडायला जागा नव्हती. यंदा पोरगी शाळेच्या खो-खो संघात निवडली गेली, तर आत्याबाईंनी फर्मान काढलं, "न्हाय पळायचं. भूमचं दुखणं हाय, जीव घेईल." पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही. मीही जेवले नाही, पण माझ्याकडं कोण बघतंय.

त्याच आठवड्यात शाळेत डॉक्टरांचं पथक आलं. दमा एका पिढीतून दुसऱ्या पिढीत कसा उतरतो, हे त्यांना घराघरातली थुंकी तपासून बघायचं होतं. आत्याबाई सगळ्यांच्या पुढं. भूमचा गुन्हा डॉक्टरच्या सहीनं लिहून घ्यायचा, एवढाच त्यांचा हेतू. अण्णांनाही एसटीनं बोलावून घेतलं.

आत्याबाई नळीत थुंकल्या तर थुंकी काळीकुट्ट. बाई घरून मिश्री लावून आल्या होत्या.

"तोंड साफ करून आले की," त्या म्हणाल्या.

पथकातल्या डॉक्टर संघप्रियांनी त्यांना चुळा भरायला लावल्या, अर्धा तास थांबवलं आणि तोवर हातात फुंकायचं यंत्र दिलं. आत्याबाईंनी सारा जोर लावला. काटा निम्म्यावरच थांबला.

"आजी, तूर काढताना छातीत शिट्टी वाजते?"

"धुळीनं वाजती. समद्या गावाची वाजती."

"गावाची नाही वाजत." डॉक्टरांनी त्यांना औषधाचा पंप ओढायला लावला, थोड्या वेळानं पुन्हा फुंकायला सांगितलं. काटा बराच वर गेला. "तुम्हालाही दमा आहे, आजी."

अण्णा मिशीत हसले. मला तर पेढे वाटावेसे वाटले.

सामन्यांच्या आठवडाभर आधी थुंकीचे निकाल आले. "दमा एका घराण्याचा नसतो," डॉक्टर म्हणाल्या. "जनुकांत बारीक बारीक फरक असतात. शिवांजलीत काही भूमचे आहेत, काही बापाकडून आलेले, म्हणजे तुमचे. नुसत्या त्यांनीही दमा होतोच असं नाही. चुलीचा धूर, धूळ त्याला जागं करते."

"मग पोरीनं पळायचं का न्हाय?"

"रोजचं औषध घ्यायचं, पंप जवळ ठेवायचा आणि पळायचं."

तुळजापूरच्या मैदानावर शिवांजली अशी पळाली की समोरच्या पोरी हात पुढं करून करून दमल्या, पण ती सापडली नाही. मी रडत होते, ते लपवायचंही सुचलं नाही. शेजारच्या बाईनं विचारलं, "पोरगी कुणावर गेली?"

"माझ्यावर," आत्याबाई म्हणाल्या. "म्या बैलामागं अशीच पळायचे. आन् तिचा दमासुदिक माझाच हाय."

माझं डोकंच फिरलं. बारा वर्षं बोल भूमला, आणि आता मान मिळायला लागला तर सगळंच यांचं?

"आत्याबाई, दमा निम्मा भूमचा आहे. डॉक्टरांनी सांगितलंय."

सामनाभर ओरडून ओरडून त्यांना धाप लागली होती. मिश्रीची डबी असायची त्या चंचीतून त्यांनी पंप काढला, ओढला, आणि श्वास जागेवर आल्यावर म्हणाल्या, "बरं, दमा निम्मा घे. पाय मातर माझेच हायत."