उजळवलेला जोनास

मी कॉमिकचा एक अंक बोलतोय. गोड बोलणार नाही, आधीच सांगतो. मला किळस आली आहे.

माझा जन्म अमेरिकेतला. माझा नायक जोनास काळा आहे. उन्हानं रापलेला वगैरे नाही, चांगला काळाभोर. धरणफुटीचं पाणी तो नुसत्या हातांनी थोपवतो. त्याचं प्रेम एका पाववाल्यावर आहे, आणि तो पाववालाही पुरुषच, काळाच. मुखपृष्ठावर दोघं हात धरून उभे आहेत. विसाव्या पानावर जोनास भिजून घरी येतो आणि पाववाला टॉवेलनं त्याचं डोकं पुसतो. बस, एवढंच.

बजाजनगरच्या फरदीननं मला हौसेनं मागवलं. कंपनीतून आला की हात धुऊन तो ते पान उघडायचा. तोही सावळा, आणि त्याचाही जीव एका पुरुषावर जडलेला. घरी कुणाला ठाऊक नव्हतं. मोठ्या बहिणीला, लाइबाला, सांगायचं त्याच्या फार मनात होतं, पण तोंड उघडेना. तेवढ्यात वाचनालयात सुपरहिरोंचं प्रदर्शन ठरलं आणि त्यानं मला तिथं दिलं. आधी बहिणीला ते पान दाखवायचं, मग बोलायचं, असं त्यानं ठरवलं.

वाचनालयाचे बद्रीनाथ सर मला बघून खूश. "काळा हिरो! समतेचा विषय हाय, याचाच फ्लेक्स करू."

फ्लेक्सवाला सांडू दिवसभर वाढदिवसांचे फ्लेक्स करतो. कुणाचाही चेहरा आला की आधी उजळ करतो. जोनासचाही केला. "सांगावं लागत नाय सर, आपण करूनच देतो," म्हणाला. त्याची निदान सवय होती. सरांनी मात्र विचार करून बोट ठेवलं, "हा दुसरा बाप्या कशाला हात धरून? घरचे लोक येत्यात. काढ त्याला, एखादी बाई टाक." सांडूनं साडीच्या जाहिरातीतली बाई उचलून चिकटवली. वर मोठ्या अक्षरांत छापलं, 'काळा-गोरा भेद नको'. थू!

प्रदर्शनाला दोघं बहीणभाऊ आले. लाइबा दारातच फ्लेक्सपुढं थांबली. "कित्ती गोरी जोडी है रे! तेरे वास्ते भी ऐसीच ढूंढते."

फरदीनचा चेहरा उतरला. तरी तो माझ्यापर्यंत आला, पान काढलं. "बाजी, ये देख..."

तोच सर धावत आले आणि माझ्यावर पंजा दाबला. "ते पान नको, पोरंबाळं हायेत इथं."

"क्या है उसमें?" लाइबानं विचारलं.

"कुछ नै बाजी. चलते."

तेव्हापासून मी वाचनालयाच्या कपाटात पडून आहे. शेजारचे हिरो पानापानांवर माणसं चिरडतात, रक्ताच्या चिळकांड्या उडवतात. त्यांच्यावर कुणी पंजा ठेवला नाही. एका टॉवेलची तेवढी यांना लाज वाटली.

फरदीन, मला न्यायला ये. तुझ्या बहिणीनं सरळ विचारलं होतं, त्या पानात काय आहे. ती अजून उत्तराची वाट बघत असेल.