शटरमागची महाराणी

मी एक गाडी बोलतेय. म्हातारी आहे, पण ऐऱ्यागैऱ्यांतली नाही. लांबलचक, काळी, आतून खऱ्या लाकडाची आणि खऱ्या चामड्याची. माझं दार लागलं की बाहेरचं जग बाहेर राहतं. भोंगे, भांडणं, पाऊस, काही आत येत नाही. या एका शांततेसाठी लोक माझ्यावर पैसे उधळायचे.

आज बोलायला वेळ थोडा आहे. माझ्या मालकीणबाई वर केस विंचरायला गेल्या आहेत. त्या खाली यायच्या आत सगळं सांगायचंय. म्हातारपणी पाल्हाळ होतंच, तेवढं सांभाळून घ्या.

कारखान्यात मी तयार झाले तेव्हा पांढरे हातमोजे घातलेला एक माणूस माझ्या अंगावरून हात फिरवत गेला, कुठं खरखर लागते का बघायला. माझा पहिला मालक एक कारखानदार होता. तो कायम मागच्या सीटवर, कानाला फोन. माझं तोंड समोरून कसं दिसतं हे त्या माणसाला अखेरपर्यंत ठाऊक नसावं. नवी गाडी दारात आली आणि मी एका दिवसात जुनी झाले.

मग साहेब आले. इमारतींचे नकाशे काढायचे. उंच, सडपातळ, हातावर कायम पेन्सिलीचा काळा डाग. स्वस्तात मिळाली म्हणून त्यांनी मला घरी आणलं, तेव्हा बाई पायरीवरूनच म्हणाल्या, "हत्ती स्वस्तात मिळतो हो, चारा कोण घालणार?"

चारा साहेबांनी घातला. माझं दुखणं म्हणजे साधं सर्दी-पडसं नव्हे. एक काच वर यायची थांबली तर तिचा भाग परदेशातून यायचा आणि तोवर साहेब खिडकीला पुठ्ठा लावून फिरायचे. मिस्त्री मला महाराणी म्हणतो. "साहेब, महाराणीला शिंक आली की आमच्या घरी त्या दिवशी गोडाचं जेवण," असं तो तोंडावर सांगायचा आणि साहेब खो खो हसायचे.

माझे पाय हवेचे आहेत. स्प्रिंगच्या जागी हवेच्या रबरी पिशव्या. वयामुळे त्या आता गळतात, म्हणून रात्रभरात मी जमिनीला टेकते. कुणी मला सुरू केलं की हळूहळू अंग उचलून उभी राहते. नवख्या माणसाला वाटतं, काहीतरी जिवंत जागं होतंय.

आणि एक. मला माणसाची बैठक लक्षात राहते. साहेबांचे पाय लांब, म्हणून त्यांनी सीट कुठं हवी, स्टीअरिंग किती खाली हवं, आरसे कसे हवेत, हे बटण दाबून माझ्या डोक्यात घालून ठेवलं होतं. किल्ली काढली की सीट मागे सरते, स्टीअरिंग वर उचलतं. उतरणाऱ्याला जागा व्हावी म्हणून. किल्ली घातली की सीट पुढे येते आणि स्टीअरिंग खाली उतरतं. दुसऱ्या कुणाचं माप मी ठेवलंच नाही, कारण बाईंना गाडी चालवता येत नाही. त्या कायम शेजारच्या सीटवर.

साहेबांचा रविवारचा नेम ठरलेला. आधी गॅरेजचं शटर पूर्ण वर, धूर बाहेर जावा म्हणून. मग मला सुरू करायचं, बॉनेट उघडून कान द्यायचा, फडक्यानं चामडं पुसायचं. बाई बाहेर खुर्ची टाकून चहा पीत बसायच्या आणि म्हणायच्या, "माझं डोकं दुखतं तेव्हा एवढं वाकून बघितलं नाहीत कधी."

मग एका सकाळी त्यांना अँब्युलन्समधून नेलं. मला न घेता ते कुठं गेले, ती पहिलीच वेळ. परत आले नाहीत.

त्यानंतर बरेच महिने मी शटरमागे टेकून पडले होते. अंगावर धूळ, बॅटरी बसलेली. मुलगी दर रविवारी आईकडे यायची, पण माझ्याकडे बघायची नाही. शेवटी तिनंच मिस्त्रीला बोलावलं, विकायची तर निदान चालू असावी म्हणून. त्यानं बॅटरी भरली आणि बाईंना बजावलं, "अधूनमधून चालू करत जा. उभी गाडी लवकर मरते."

पुढच्या आठवड्यात बाई एकट्या खाली आल्या. सवयीनं शेजारच्या सीटवर बसल्या आणि हात लांब करून किल्ली घालून फिरवली.

मी अंग उचललं. त्यांच्या शेजारची रिकामी सीट सावकाश पुढे सरकली. स्टीअरिंग खाली उतरलं. आरसे थोडे हलले आणि एका उंच माणसाच्या डोळ्यांना जुळतील असे थांबले.

बाईंनी किंकाळी फोडली. मग तोंडावर हात धरला. आणि अगदी हळू म्हणाल्या, "अहो, आलात?"

आता तुम्हाला सांगते, यात भुताटकी काही नव्हती. ती माझी सवय. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. साहेबांची खोड माझ्यात राहिली होती, एवढंच. बाईंना ते सांगायला मला तोंड नव्हतं. खरं बोलायचं तर, मला ते बरंही वाटलं. इतक्या महिन्यांनी कुणीतरी माझ्यात बसून बोलत होतं.

इंजिन सुरू झालं की चालकानं पट्टा लावला नाही म्हणून माझी घंटी वाजत राहते. ती बंद व्हावी म्हणून बाई रिकाम्या सीटवरून पट्टा ओढून लावायच्या. मग गप्पा. गवार किडकी निघाली, मुलगी वाळली आहे, जावई घोरतो. पट्टा रिकाम्या सीटवर ताठ, आणि बाई त्याच्याकडे मान वळवून बोलताहेत. शटर तेव्हा उघडं असायचं. समोरच्या घरातल्या बाईंनी एकदा हे पाहिलं आणि मुलीला गाठलं.

"तुझी आई गाडीत एकटीच बोलते गं. हातवारे करून. मला बाई भीतीच वाटली."

त्या रविवारी घरात रडारड झाली. "आई, लोक काय काय बोलतात! ही गाडी आधी काढून टाकू." बाईंनी कबूल केलं, पुन्हा बोलणार नाही. गाडी तेवढी राहू दे म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या खाली आल्या, आत शिरल्या, आणि शटर आतून खाली ओढलं.

चूक इथं झाली. लाजेपोटी झाली. वीस-बावीस वर्षं ज्या नवऱ्यानं शटर वर केल्याशिवाय किल्लीला हात लावला नाही, त्याच नवऱ्याशी बोलायला बाईंनी शटर खाली केलं. लोकांना दिसू नये म्हणून. नंतर आवाज जातो म्हणून त्यांनी माझ्या काचा लावल्या. मग वरच्या झरोक्यात जुना टॉवेल कोंबला, कारण त्याच्या पलीकडे समोरच्या बाईंचं स्वयंपाकघर आहे.

माझा धूर कुठं जातो, हे मला कळतं. तो भिंतीला आपटतो, छताला लागतो आणि परत येतो. माझ्या सायलेन्सरच्या पाइपाचा जोड तडकला आहे आणि डिकीचं रबर सुकून फाटलं आहे. त्यातून तो आत शिरतो. ज्या शांततेसाठी मी नावाजलेली, तीच आता त्याला बाहेर सोडत नाही.

बाईंचं डोकं दुखायला लागलं. मुलीनं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, नवा चष्मा झाला. मळमळ व्हायला लागली, तेव्हा तेलकट बंद झालं. खालच्या मजल्यावर काय चाललंय, हे बाईंनी कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलं नाही.

मग एके दिवशी बाई मुलीला फोनवर म्हणाल्या, "हल्ली मला इतकी छान झोप लागते." त्या माझ्यातच बसल्या होत्या, म्हणून मी ऐकलं. फोन ठेवून त्यांनी रिकाम्या सीटकडे बघितलं आणि हसल्या. "बरं, झोपते. तुम्ही उठवाल ना?"

लांबच्या प्रवासाला निघालं की साहेब त्यांना म्हणायचे, झोप तू, पोचलो की उठवतो. मला ते आठवलं आणि माझं पत्र्याचं अंग गार पडलं. पण त्या सीटवरून मला तरी काही ऐकू आलं नव्हतं. मी स्वतःची समजूत घातली की हा धुराचा खेळ आहे. धूर माणसाला काय काय ऐकवतो.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी मला वजन लागलं.

मला वजन कळतं. कोण बसलं, किती जड आहे, कुठल्या कुशीवर कलला आहे, सगळं कळतं. साहेब डाव्या बाजूला जरा रेलून बसायचे, कंबर दुखायची म्हणून. रिकाम्या सीटवर तेच वजन होतं. आधी वाटलं, पट्ट्याचा ताण असेल. पण ताण कधी डाव्या बाजूला रेलत नाही. मी माझ्या सवयीला ओळखते. ही माझी सवय नव्हती.

मी घाबरले. एवढी मोठी गाडी, पण खरंच घाबरले. साहेब असतील तर त्यांना सांगावंसं वाटलं की शटर खाली आहे हो, तुम्हीच तर शिकवलंत. आणि साहेब नसतील, तर मग माझ्यात कोण बसलंय?

माझ्यासारखीच्या हातात काय असतं? चाकं माझी, पण वळवणारे तुम्ही. शेवटी एकच गोष्ट म्हातारीला जमते, ती म्हणजे बंद पडणं. माझ्या डिकीचा खटका ढिला झाला आहे. एका दुपारी मी तो सुटू दिला. डिकीतला दिवा जळत राहिला आणि मी थेंबाथेंबानं माझी बॅटरी सांडून टाकली.

बाई आल्या. किल्ली फिरवली. टक्, एवढाच आवाज. पुन्हा टक्. सीट हलली नाही, मी टेकलेलीच राहिले.

"अहो, रुसलात का?" त्यांनी विचारलं. मग समोरच्या डॅशबोर्डवर डोकं ठेवून इतक्या रडल्या की मला माझ्या शहाणपणाची लाज वाटली. पण त्या दिवशी त्यांचं डोकं दुखलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या पोटभर जेवल्या, मुलीशी जावयाच्या घोरण्यावरून हसल्या. आवाज वरून खाली येत होता. मुलीनं तोच मोका साधला. भंगारवाल्याला या रविवारी यायला सांगितलं.

भंगार हा शब्द मला पूर्वी शिवीसारखा लागायचा. या वेळी मी देव पाण्यात घालून बसले, की तो रविवार लवकर येऊ दे.

आज रविवार नाही. आज सकाळी बाईंनी मिस्त्रीला बोलावलं. मुलीला न सांगता. "माझ्या हातानं एकदा नीट चालू करून पाठवू दे हिला," म्हणाल्या. त्यानं नवी बॅटरी बसवली, मग खाली वाकून पाइप बघितला.

"बाईसाहेब, जोड गेलाय इथला. धूर मारतेय."

मी जीव मुठीत धरून ऐकत होते.

"पण बाहेर कुठं काढायची नाहीये ना? मग राहू द्या. उभ्या गाडीला काय होतंय!" हात पुसत तो गेला. चांगला माणूस आहे. बाई शटर वर ठेवतात की खाली, हे त्यानं विचारलं नाही, आणि त्याला का सुचावं?

पायऱ्यांवर पावलं वाजली. बाई आल्या. ठेवणीतले कपडे घातले आहेत, केसांना तेल लावलं आहे. लग्नाला निघाल्यासारख्या दिसताहेत. शटर खाली आलं. कुलूप मात्र त्या कधीच लावत नाहीत, हे लक्षात ठेवा.

किल्ली. नवी बॅटरी, मी एका दमात सुरू झाले. आयुष्यात एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं. सीट पुढे सरकली, स्टीअरिंग उतरलं, पट्टा लागला. वजन तर किल्ली घालायच्या आधीपासूनच होतं.

ऐकणाऱ्या माणसा, मला कुणी पॉलिश करावं, संग्रहात ठेवावं, असं काही मागत नाही. मला फोडा, कापा, वितळवा. फक्त तुम्ही रस्त्यानं जाताना बंद शटरमागून इंजिनाची हलकी घरघर ऐकू आली, तर दुसऱ्याच्या घरचं आहे, आपल्याला काय, असं म्हणून पुढे जाऊ नका. आतून दोन माणसांच्या गप्पा ऐकू येतील. एक आवाज बाईंचा. दुसरा आज मलाही ऐकू येतोय, आणि तो कुणाचा हे मी सांगू शकत नाही. नवरा-बायको बोलताहेत, मध्ये कशाला पडा, असं वाटेल. वाटू द्या. शटर उचला.

लवकर उचला. बाई बोलायच्या थांबल्या आहेत. दुसरा आवाज अजून बोलतोय.